सात हजार तीसवर कुणीच नाही

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज चंद्रप्पानं चार माणसांत माझी इज्जत काढली. चार माणसांत म्हणजे हवेवर, सगळे ऐकत असताना.

सकाळी सातला आमची बैठक असते. आम्ही पाच-सहा हौशी रेडिओवाले, कुणी परभणीहून, कुणी वसमतहून, मी नांदेडहून, चंद्रप्पा उदगीरहून. आपापल्या सेटवर बसायचं, एकमेकांची खुशाली विचारायची, हवापाणी सांगायचं. मी पोलिसांच्या बिनतारी खात्यातून रिटायर झालेला, त्यामुळं बैठक मीच चालवतो. चंद्रप्पा बँकेतून रिटायर होऊन या शौकात आला. चांगला माणूस आहे. होता म्हणावं लागेल, कारण दिवाळीत त्यानं ती डबी घेतली.

एसडीआर म्हणतात तिला. काडेपेटीएवढी डबी, कॉम्प्युटरला जोडायची. रेडिओचं सगळं काम म्हणे सॉफ्टवेअर करतं. ना डायल, ना बटण, ना हाताला वजन. पडद्यावर लहरींचा अख्खा पट्टा एकदम दिसतो, आणि जिथं कुणी बोलून राहिलं तिथं उजेडाची रेघ उमटून खाली सरकत जाते. मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, रेडिओ काय बघायची चीज आहे का? टॉकीज आहे का ती?

तर आज बैठक उठता उठता हा म्हणतो, "रामकिशनराव, खाली सात हजार तीसवर रोज कुणीतरी बोलावून राहिलंय बगा. बारकी रेघ दिसती. मोर्सची हाय. बैठकीनंतर तुमीच बसता ना तिथं? कामून उत्तर देईना तुमी?"

अरे, मी बसतो म्हणूनच सांगतो ना, तिथं कुणी नाही! रोज बैठक झाली की हेडफोन घालून मी सात हजार तीसवर जातो आणि चहा गार होईपर्यंत ऐकतो. नुस्ती खरखर. आणि ज्याला मोर्सचा म सुद्धा येत नाही तो माणूस उदगीरला बसून मला सांगतो की तिथं कुणीतरी आहे. कारण त्याला रेघ दिसली!

सात हजार तीस किलोहर्ट्झ ही माझी आणि सुदामची जागा. कंधारचा सुदाम. पंचवीस-तीस वर्षं बैठकीनंतर आम्ही दोघं तिथं भेटायचो, तोंडानं नाही, मोर्सच्या डिट-डॅशनं. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा सुदाम तिकडं तंबूत आणि मी इकडं, माणसांची नावं त्यानं पाठवली आणि मी उतरवून घेतली, कानानं. तेव्हा कुठं होता तुमचा पडदा?

मागच्या डिसेंबरात सुदाम गेला. त्याची पोरगी गीतांजली लातूरला पॉलिटेक्निकला शिकवते. मोर्सची परीक्षा देऊन तिनं लायसन काढलं, बाप गेल्यावर. सुदामनं दवाखान्यात माझा हात धरून सांगितलं होतं, गीताचा पहिला संपर्क तुझ्याशी होऊ दे. आमच्यात पहिला संपर्क जन्मभर लक्षात ठेवतात. मी शब्द दिला. म्हणून बसतो रोज.

लायसन येऊन दोन महिने झाले. पोरीनं एकदाही हाक मारली नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

सेटमध्येच काहीतरी गडबड आहे. आवाजाचं बटण पार टोकाला नेलं तरी दबका येतो. कॅपॅसिटर थकला असणार, तीस वर्षं झाली त्याला. दिवसभर पलंगावर सेट उघडून बसलो. रुक्मिण म्हणाली, जेवायच्या जागेवर हे हाडं-आतडं काढून ठिवू नका. दोन कॅपॅसिटर बदलले, स्पीकर बदलला. फरक शून्य. हल्ली पार्ट पण असलेच येतात, कागदी.

शिवाय गल्लीत घरोघरी ते चायनाचे एलईडी बल्ब. शेजारच्यानं छतावर सोलर बसवलंय. त्या सगळ्याची खरखर आपल्या तारेवर. माणसानं ऐकावं तरी काय?

रुक्मिण म्हणते, "सेट न्हाई, कान दाखवा कुणाला तरी." असा संताप आला! या कानांवर खात्यानं पस्तीस वर्षं भरोसा ठेवला. बाजूला भोंगे वाजत असताना मी संदेश उतरवून घेतलेत. तिला एवढंच सांगितलं, आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. जाता जाता काहीतरी पुटपुटली. लग्नाच्या बायकोनं नवऱ्याशी तोंड उघडून बोलावं की नाही?

९ नोव्हेंबर, रविवार

गीताचा फोन आला. स्वतःहून.

आजकालच्या पोरांना बोलता येत नाही, हे मी लिहून ठेवतो. अर्धं तोंडात, अर्धं बाहेर. म्हणलं जरा मोठ्यानं बोल. तर म्हणाली, "काका, मी रोज... काका, तुम्ही..." आणि पुढं सगळं चिवचिव. मी म्हणलं, हे बघ बेटा, फोनवर आपल्याला काही बोलायचं नाही. फोन कुणीही करतो. तुझ्या बापाचा शब्द आहे. पहिल्यांदा हवेवर ये, सात हजार तीसवर, सकाळी. मग पेढे घेऊन ये, कुंकू लावून घेऊन जा तुझ्या काकूकडून. फोनवर ठरवून भेटणं म्हणजे कॉपी करून पास होणं.

ती बराच वेळ काहीतरी बोलत होती. मी हाव हाव म्हणलं आणि ठेवून दिला.

एक गोष्ट मात्र नीट कळली, कारण ती मी तिला तीनदा विचारली. बापाचा सेट वापरत नाही ती. तो कंधारलाच पडलाय. तिनंही डबी घेतलीये! पुस्तकाएवढा एसडीआर सेट, बॅटरीवर चालणारा, पाच वॅटचा. पाच वॅटमध्ये आमच्याकडं देव्हाऱ्यातला बल्ब लागतो. सुदाम, तुझी पोरगी तुझा सेट झाकून ठेवून खेळण्यातून हाक मारणार आहे मला. बघ बाबा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कंधारला रुक्मिणच्या मावसबहिणीकडं लग्न होतं. तिला मांडवात सोडून मी कस्तुराबाईकडं गेलो. सुदामची बायको. म्हणलं, वर्षश्राद्ध जवळ आलंय, भेटून यावं.

तिनं पाणी दिलं, चहा ठेवला, पण तोंड असं की मी उधारी मागायला आलोय. भिंतीला टेबलावर सुदामचा सेट, त्यावर सतरंजीचा तुकडा टाकलेला. मी हात लावला तर सेट गार. कितीदा त्या सेटमधून मला त्याचा हात ऐकू आलाय. सुदामची एक खोड होती. शेवटची डॅश तो लांब ओढायचा. जिथं एवढी पाहिजे तिथं एवढी. त्याच्या त्या खोडीवरून हजारात ओळखला असता मी त्याला. किती सांगितलं, तोडत जा रे. म्हणायचा, जाताना माणसाचा हात जरा रेंगाळतो.

मग कस्तुराबाई बोलायला लागली. ती मोठ्यानं बोलते, बरं असतं.

"भावजी, पोरीनं तुमचं काय वाकडं केलं?"

"मी काय केलं?"

"रोज सकाळी बोलावती तुमाला. कालेजला जायच्या आधी, रोज. थंडीत गच्चीवर. तुमी वळून बी बगत न्हाई. ती म्हणती, काकांना माझी डबी पसंत न्हाई म्हणून ते मुद्दाम उत्तर देईनात. दुसऱ्या कुणाशी बोल म्हणलं मी. न्हाई म्हणती. बाबाला शब्द दिलाय, पहिलं काकांशीच. तीन डिसेंबरला यांचं वर्षश्राद्ध हाय. तवर वाट बगती म्हणली, मग गच्चीवरची तार काढून टाकती अन् लायसन ठेवती पेटीत."

मी म्हणलं, वहिनी, देवाची शपथ घेऊन सांगतो, मी रोज तिथं असतो. ती नसते. तर म्हणते, "मग माजी पोरगी लबाड हाय का?"

लबाड मी म्हणलो नाही. पण तिथून उठताना माझ्या मनात तेच होतं, आता इथं लिहून टाकतो. एक तर पोरगी खोटं बोलते, नाही तर ती डबी खोटं बोलते. माझे कान खोटं बोलत नाहीत.

चहा तसाच राहिला. मांडवात जेवायला बसलो तर वाढणारे पण काय विचारत होते ते कळेना, बँड लावला होता. पानात दोनदा जिलबी पडली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रात्रभर तेच डोक्यात. सकाळी पुन्हा बसलो सात हजार तीसवर. हेडफोन कानावर दाबून धरला, डोळे मिटले. खरखर. मध्ये एकदा वाटलं काहीतरी आहे, लांब कुठंतरी रातकिडा असावा असं. डायल जरा इकडं जरा तिकडं. गेलं.

मग मी गीताला व्हाट्सअपवर लिहून टाकलं. लिहिलं ते इथं उतरवून ठेवतो, नंतर कुणी म्हणायला नको.

"गीतांजली. तुझ्या आईला तू सांगितलंस की तू रोज बोलावतेस. मी रोज हजर असतो. तू नसतेस. खोटं बोलू नये. तुझ्या वडिलांनी आयुष्यात एक खोटा संदेश पाठवला नाही. ते खेळणं फेकून दे आणि त्यांचा सेट लाव. मग बघू."

दुपारी उत्तर आलं. "बरं काका. आता त्रास देणार नाही. बाबांच्या वर्षश्राद्धाला सकाळी एकदा बोलावीन, शेवटचं. त्यांना कबूल केलंय म्हणून."

त्रास! मला त्रास म्हणे! अरे, या एका हाकेसाठी मी थंडीत शाल गुंडाळून बसतो रोज, आणि मला त्रास?

रुक्मिणला दाखवलं. तिनं वाचलं, फोन माझ्या हातात दिला, आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. कोण जाणे, बोलली असेल तर मला कळलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बैठकीत चंद्रप्पा म्हणाला, "रामकिशनराव, ती रेघ बंद झाली बगा. कालपासून दिसंना."

मी म्हणलं, बघ! मी काय सांगत होतो? तिथं कुणी नव्हतंच. तुझ्या कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर असेल ती, नाही तर चार्जरची. डबीला काय, काहीही दिसतं.

तो म्हणाला, "पंख्याची रेघ सलग असती ओ. ही तुटक होती. बारीक, जाड, बारीक." आणि मग म्हणाला, पण असू द्या.

असू द्या काय? हरलास म्हण की. जिंकलो मी आज, कान जिंकले. सगळ्यांना ऐकवून सांगितलं. परभणीवाला काहीतरी बोलला त्यावर, त्याचा मायक्रोफोन बदलायला पाहिजे, कुजबुज नुस्ती.

बैठकीनंतर सवयीनं सात हजार तीसवर गेलो. मग आठवलं की आता तिथं कुणी येणारच नाही. तरी बसलो. चहा गार झाला.

२३ नोव्हेंबर, रविवार

घरातल्या माणसांना पण आता माझ्याशी बोलायचा कंटाळा आलाय. रुक्मिणनं नवी रीत काढली आहे. मी रेडिओच्या खोलीत असलो की ती दारातूनच दिवा बंद-चालू, बंद-चालू करते. जेवायला या, असा त्याचा अर्थ. मी म्हणलं, मी काय म्हैस आहे का बत्ती दाखवून वळवायला? हाक मारता येत नाही? तर हातवारे करून म्हणाली, "तीनदा मारली!" तीनदा म्हणे. एवढ्याशा घरात.

काल गॅसवाला दार वाजवून निघून गेला. घंटा बिघडलीये. मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्यानं बटण दाबलं, माझ्याकडं बघितलं, रुक्मिणकडं बघितलं, आणि काहीच न करता गेला. पैसे पण घेतले नाहीत. कामचुकार जात.

सगळ्या गोष्टी हल्ली हलक्या झाल्यात. बल्ब, घंटा, कॅपॅसिटर, माणसं.

२ डिसेंबर, मंगळवार

चंद्रप्पा आलाय. नांदेडला भाच्याचं लग्न म्हणे, पण लग्नाचं नाव काढीना, आल्या आल्या बॅगेतून लॅपटॉप आणि ती डबी काढली. उदगीरची खव्याची पोळी आणली होती बायकोच्या हातची, तेवढ्यासाठी घरात घेतला.

त्याचं आणि रुक्मिणचं आधी बोलणं झालंय असा मला दाट संशय आहे. दोघं स्वयंपाकघरात उभे होते, मी गेलो तर गप्प.

तो मला म्हणाला (त्याचा आवाज मुळातच ढोल, त्याचं सगळं कळतं), "उद्या वर्षश्राद्ध हाय ना सुदामरावचं? वहिनींनी सांगितलं मला सगळं. ती रेघ कुणाची ते आता कळलं. मी उद्या हितं तुमच्या शेजारी बसतो. तुमचा सेट अन् माझी डबी, दोन्ही चालू ठिवू. पोरगी हाक मारती का न्हाई, मारली तर कुणाला सापडती, होऊन जाऊ द्या निकाल."

मी म्हणलं, होऊ दे. मला तरी कुठं हौस आहे पोरीला लबाड ठरवायची? पण एक अट. तुझी तार वेगळी लाव. माझ्या तारेला त्या डबीचा विटाळ नको.

त्यानं हसत गॅलरीच्या ग्रीलला तार बांधली. मी माझा सेट पुसला. डायलवर बोट ठेवून ठेवून तिथं खळगा पडलाय, तेवढा बोटाला बरोबर बसतो. डबीला आहे का असं काही? माझ्या सेटला मी मनातल्या मनात सांगितलं, उद्या फजिती करू नको बाबा, उद्या एक दिवस.

आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटून राहिली. उद्या हाक आली नाही तर पोरगी लबाड ठरते. आणि हाक येऊन मला नाही आली तर तार उतरते आणि सुदामला दिलेला शब्द जातो. दोन्हीकडून माझंच मरण आहे.

३ डिसेंबर, बुधवार

आज बैठक घेतलीच नाही. सव्वासातलाच सात हजार तीसवर जाऊन बसलो. शेजारी चंद्रप्पा, मांडीवर लॅपटॉप. पडदा निळा, त्यावर काही नाही. मी मनात म्हणलं, बघा, हीच का तुमची जादू?

रुक्मिणनं दोघांना चहा आणून ठेवला आणि ती गेलीच नाही, दाराला टेकून उभी राहिली.

मी हेडफोन दाबून डोळे मिटले. खरखर, खरखर. किती वेळ गेला कळलं नाही. मग चंद्रप्पानं माझ्या मांडीवर थाप मारली. डोळे उघडले तर पडद्याकडं बोट.

रेघ होती. पिवळट, तुटक. वरून उगवून राहिली होती आणि खाली सरकत होती.

मी म्हणलं, असेल, पण माझ्या सेटवर नाही. माझ्याकडं काही नाही! हेच तर सांगतो मी, तुझी डबी कायबी दाखवते. आणि असेलच खरी तर माझा सेट मेला, मेला शेवटी हा, तीस वर्षं झाली, संपला. मी ओरडत होतो म्हणे, रुक्मिण सांगते. मी हेडफोन काढून चंद्रप्पाच्या डोक्यावर बसवला. म्हणलं, तूच बघ, आहे का काही? ऐक, ऐक!

हेडफोन कानाला लागल्याबरोबर चंद्रप्पा चटका बसल्यासारखा दचकला. हेडफोन उपसून टेबलावर टाकला, दोन्ही कान धरले. "अयाया! केवढ्यानं लावलंय ओ हे! पडदा फाटंल कानाचा!" मग त्यानं आवाजाचं बटण मागं घेतलं, निम्म्याच्या पण खाली, आणि हेडफोन एका कानाला लांबूनच धरला.

त्याचा चेहरा बदलला.

"वाजतंय," तो म्हणाला. "रामकिशनराव, तुमच्या सेटवर वाजतंय की. झकास वाजतंय. रेघंबरोबर, टणटण."

मी टाळी वाजवली. देवाशपथ, मी टाळी वाजवली. म्हणलं, बघितलंस? माझा सेट चांगला आहे! एक कॅपॅसिटर गेलेला नाही त्याचा! तुझी डबी काय आणि माझा सेट काय, माझा सेट पण ऐकतो! उठून नाचायचं तेवढं बाकी होतं. म्हणलं, सांग आता सगळ्यांना बैठकीत, जुना सेट काही कमी नाही.

चंद्रप्पा माझ्याकडं बघत होता. त्यानं हेडफोन पुढं केला. मी घेतला, कानाला लावला. खरखर सुद्धा नव्हती आता. काहीच नव्हतं.

दारात रुक्मिणनं पदर तोंडाला लावला होता.

मग मी हेडफोन खाली ठेवला. गॅसवाला, घंटा, तो इलेक्ट्रिशियन, परभणीवाल्याची कुजबुज, मांडवातली जिलबी, सगळं एकदम डोळ्यासमोरून गेलं, आणि त्या सगळ्यांच्या शेवटी पोरीला व्हाट्सअपवर पाठवलेली ती चिठ्ठी. खोटं बोलू नये. लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नाही. थंडीत गच्चीवर उभं राहून ती बोलावत होती, आणि मी इथं शालीत बसून तिला लबाड म्हणत होतो. मला सुदामच्या नावानं ओरडावंसं वाटलं. त्या कॅपॅसिटर विकणाऱ्याला, एलईडीवाल्यांना, साऱ्या गल्लीला मी शिव्या दिल्या होत्या. आता द्यायच्या तर कुणाला?

"बंद होऊन राहिली," चंद्रप्पा म्हणाला. पडद्यावर रेघ तुटली होती. ती ऐकायला थांबली असणार. बोलावून झालं की थांबतात, उत्तराची वाट बघतात, मग पुन्हा. आज शेवटचं.

पुन्हा रेघ सुरू झाली. मी लॅपटॉप त्याच्या मांडीवरून ओढून घेतला. चष्मा लावला. बारीक, जाड, बारीक. अरे, हे तर वाचता येतंय! बारीक म्हणजे डिट, जाड म्हणजे डॅश, चांगलं सुटं सुटं. मी तोंडानं म्हणायला लागलो. माझा कॉलसाइन, लायसनवरचं हवेतलं नाव. माझाच. पुन्हा माझाच. मग तिचा. आणि शेवटची डॅश आली तशी ती संपेचना. ओढलेली. जिथं एवढी पाहिजे तिथं एवढी.

सुदाम्या, म्हणलं मी. मोठ्यानं म्हणलं.

हात मोर्सच्या कीवर, त्या ठोकायच्या बटणावर, कधी गेला कळलं नाही. मी की दाबली तसा चंद्रप्पाचा अख्खा पडदा पांढराफटक झाला, एवढा माझा सेट तगडा. तिचा कॉलसाइन, माझा कॉलसाइन, ये. हात सोडला. पडदा हळूहळू निळा झाला. काही नाही. काही नाही. रुक्मिण टेबलाशी येऊन उभी राहिली होती.

मग रेघ आली. वाकडीतिकडी, घाईची. के ए के ए. काका. पुन्हा काका. मग इंग्रजी अक्षरांत मराठी, जसं मी आणि तिचा बाप लिहायचो. कुठं होता इतके दिवस.

मी कीवर बोट ठेवून बसलो. काय सांगायचं? खरखर होती म्हणून? सेट बिघडला होता? सोलरवाल्याचं नाव घ्यायचं? सुदामनं एक खोटा संदेश पाठवला नाही, हे मीच तिला लिहिलं होतं.

जे मी रुक्मिणला कबूल केलं नाही, ते पाठवलं. मला ऐकू येत नाही बेटा. तुला वाचून राहिलो. माफ कर.

पडदा निळा झाला आणि बराच वेळ निळाच राहिला. मला वाटलं गेली. मग रेघ आली, आणि यावेळी ती अगदी सावकाश होती. एकेक डॅश रुंद, मध्ये मोकळी जागा, बालवाडीच्या पोराला गिरवायला द्यावं तशी. तार ठेवते काका. उद्या येते. आणि शेवटची डॅश, लांब.

पावणेआठला तिचं कॉलेज असतं. चंद्रप्पाला सांगितलं, डबी इथंच राहू दे, तू दुसरी घे. सेट मात्र माझाच राहील, बोलायचं काम त्याचं आहे. तो हाव म्हणाला. रुक्मिणनं माझ्या चहावरची साय काढली आणि कप पुन्हा गरम करायला नेला.

चंद्रप्पा बारीक चेहरा करून विचारत होता, "एवढा वेळ काय कळवलंत ओ पोरीला? मला मोर्स येत न्हाई."

म्हणलं, काही नाही. हवापाणी सांगितलं.